मधमाशीची नजर, मुंगीची वाट: छोट्या रोबोला एका कॅमेऱ्यावर चालवण्याची पद्धत

लांब व्हरांड्यातून मधोमध जाणारा, अरुंद जागी आपोआप सावकाश होणारा आणि काम झाल्यावर निघाल्या जागी परतणारा रोबो करायचा म्हटले, की बहुतेकांचा हात आधी लेसर अंतरमापकाकडे आणि नकाशा रचणाऱ्या जड सॉफ्टवेअरकडे जातो. या लेखात दुसरी वाट दाखवली आहे. मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांहूनही कमी चेतापेशी असतात. तिच्या प्रत्येक संयुक्त नेत्रात सुमारे ५,००० भिंगे असतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत डोळ्यामागे जेमतेम ५,००० पिक्सेल. दोन्ही डोळे इतके जवळजवळ आणि डोक्यात पक्के बसवलेले असतात, की आपल्यासारखे दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून दूरचे अंतर जोखणे तिला शक्य नसते. तरीही ती काही किलोमीटरवरच्या फुलोऱ्यावरून आपल्या पोळ्यात परत येते, कारण तिची चाल हाच तिच्या पाहण्याचा अर्धा भाग असतो. रोबो बांधताना हे एक सूत्र शेवटपर्यंत धरून ठेवले, तर पुढची प्रत्येक पायरी सोपी होते.

साहित्य मोजकेच आहे: दोन स्वतंत्र मोटारींची चाके आणि त्यांचे फेरे मोजणारे एन्कोडर असलेला सांगाडा, एक रास्पबेरी पाय (एकाच छोट्या पाटीवरचा संगणक), त्याचा छोटा कॅमेरा, वळणाचा वेग सांगणारा गायरो आणि एक बहिर्वक्र आरसा. वाचकाला पायथन ही संगणकभाषा आणि ओपनसीव्ही हा चित्रांवर काम करणारा सॉफ्टवेअर-संच यांची तोंडओळख आहे असे येथे धरले आहे.

डोळा बसवणे

कीटकाला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, आणि रोबोलाही तसेच दिसायला हवे. त्यासाठी कॅमेरा आकाशाकडे तोंड करून बसवावा आणि त्याच्या वर बहिर्वक्र आरसा उलटा टांगावा. बाजारात यासाठी खास आरसे मिळतात, पण शिकण्यासाठी स्वयंपाकघरातल्या चकचकीत स्टीलच्या पळीची पाठ पुरते. पळीचा दांडा कापून तिची वाटी पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यावर बसवली, की तिच्या पाठीत सगळी खोली गोल होऊन दिसते. पळीवरच्या बारीक ओरखड्यांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण हे चित्र आपण पुढे मुद्दाम धूसर करणार आहोत. काळजी घ्यायची ती फोकसची. आरशातली प्रतिमा आरशाच्या पृष्ठभागामागे अगदी जवळच तयार होते, त्यामुळे भिंत तीन मीटरवर असली तरी कॅमेऱ्याचा फोकस पळीच्याच अंतरावर लावावा लागतो.

मिळालेले गोल चित्र ओपनसीव्हीतील 'वॉर्पपोलर' या फलनाने उलगडून पट्टीसारखे करावे. हे फलन कोन उभ्या दिशेला देते, म्हणून चित्र नंतर ९० अंशांत फिरवून घ्यावे. पट्टी ३६० पिक्सेल रुंद ठेवली, की एक पिक्सेल म्हणजे एक अंश असा सरळ हिशेब राहतो. रोबोची समोरची दिशा पट्टीच्या मध्यावर येईल असे पाहावे. क्षितिजाची रेषा शोधण्यासाठी आरशाच्या उंचीवर चारही भिंतींना रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावावेत. उलगडलेल्या चित्रात ते एका ओळीत आले नाहीत, तर वर्तुळाचा केंद्रबिंदू चुकला आहे असे समजावे. क्षितिजाच्या आसपासच्या ४० ओळी ठेवून बाकीच्या टाकून द्याव्यात.

येथे एक तपासणी कधीही टाळू नये. रोबोला हाताने डावीकडे वळवावे. पट्टीतले चित्र उजवीकडे सरकले पाहिजे. ते डावीकडे सरकले, तर आरशामुळे चित्र उलटे झाले आहे आणि ते आडवे पलटून घ्यावे लागेल. हे सुरुवातीलाच तपासले नाही, तर पुढे नियंत्रणाचे सगळे सूत्र उलट्या चिन्हाने चालते आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

कॅमेऱ्याची प्रकाशाशी आपोआप जुळवून घेणारी सोय आणि रंगसंतुलन दोन्ही बंद करावे, अन्यथा खिडकीसमोरून जाताना सगळे चित्रच उजळते किंवा काळवंडते आणि संगणकाला ती हालचाल वाटते. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे साध्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. म्हणून घरात प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा काळ (एक्स्पोजर) १० किंवा २० मिलिसेकंद असा पक्का ठेवावा. शेवटी चित्र करड्या छटांत आणून तीन ते पाच पिक्सेलांची धूसरता द्यावी. ही धूसरता आपल्या उपयोगाची आहे. पुढच्या गणिताला छटांचे हलके चढउतार लागतात, धारदार कडा लागत नाहीत.

दृक्प्रवाह मोजणे

एसटीच्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेची झाडे झपकन मागे जातात आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही. डोळ्यावरून चित्र सरकण्याच्या या वेगाला दृक्प्रवाह म्हणतात. रोबो सरळ जात असताना अगदी बाजूला असलेल्या वस्तूचा दृक्प्रवाह म्हणजे रोबोचा वेग भागिले त्या वस्तूचे अंतर. रोबो सेकंदाला ०.३ मीटर जात असेल आणि भिंत ०.६ मीटरवर असेल, तर दृक्प्रवाह ०.५ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे २८.६ अंश प्रति सेकंद होतो. कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम घेत असेल, तर दोन फ्रेमांमध्ये चित्र जवळपास १.४ पिक्सेल सरकते. वस्तू जितकी समोर, तितका हा आकडा लहान होत जातो आणि नेमक्या समोरच्या बिंदूवर तो शून्य असतो. याचा परिणाम पुढे धडक टाळताना भोगावा लागतो.

हे सरकणे मोजायचे कसे? बर्नहार्ड हासेनस्टाइन आणि वेर्नर राइखार्ट यांनी १९५६ मध्ये क्लोरोफॅनस नावाच्या भुंग्यावरील प्रयोगांतून गतिशोधकाचे जे प्रारूप मांडले, ते या विषयाचा पाया आहे. मात्र त्याचे उत्तर पट्ट्यांच्या रुंदीवर आणि काळ्यापांढऱ्यातल्या फरकावरही अवलंबून असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी वोल्फगांग किर्शनर यांच्यासह १९८९ मध्ये मधमाश्यांना पट्टेदार भिंतींच्या बोळातून उडू दिले. माश्या बोळाच्या मधोमध उडत. एका बाजूचे पट्टे माशीच्या उडण्याच्याच दिशेने सरकवले, की तिला तिकडचे चित्र संथ दिसे आणि ती त्या भिंतीकडे झुके. पट्टे उलट दिशेने सरकवले, की ती तिथून दूर जाई. पट्टे रुंद असोत वा अरुंद, माशी खऱ्या कोनीय वेगाचाच हिशेब ठेवत होती. म्हणून रोबोतही कोनीय वेगच देणारी पद्धत घ्यावी.

श्रीनिवासन यांनीच १९९४ मध्ये सुचवलेली चित्र-अंतर्वेशनाची पद्धत मला यासाठी सर्वांत सुटसुटीत वाटते. डाव्या बाजूचा ६० ते १२० अंशांमधला भाग घ्यावा आणि क्षितिजाच्या किंचित वरच्या दहा ओळींची सरासरी काढून ६० आकड्यांची एक रांग करावी; क्षितिजाखालच्या ओळी घेतल्या, तर जवळची फरशीच मोजली जाते. मागच्या फ्रेमची रांग दोन पिक्सेल उजवीकडे सरकवावी, तीच दोन पिक्सेल डावीकडे सरकवावी आणि पहिलीतून दुसरी वजा करावी. या वजाबाकीला 'संदर्भ-फरक' म्हणू. आताच्या रांगेतून मागची रांग वजा केली, की 'प्रत्यक्ष-फरक' मिळतो. दोन्ही फरकांचा जागोजाग गुणाकार करून बेरीज घ्यावी, तिला संदर्भ-फरकाच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि चारने गुणावे. आलेला आकडा म्हणजे चित्र किती पिक्सेल उजवीकडे सरकले ते. हा चार म्हणजे सरकवलेल्या दोन पिक्सेलांची दुप्पट. रांगेच्या टोकांचे दोनदोन आकडे हिशेबातून वगळावेत.

भागाकाराच्या खालचा आकडा, म्हणजे संदर्भ-फरकाच्या वर्गांची बेरीज, वेगळा जपून ठेवावा. भिंतीवर पाहण्याजोगे काही आहे की नाही, हे तो सांगतो.

वळणाचा भाग वजा करणे

या टप्प्यावर सर्वाधिक रोबो बिघडतात, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. आमचा पहिला रोबो व्हरांड्यात दोन मीटर सरळ गेला, किंचित डावीकडे वळला आणि मग जागच्या जागी गोल गोल फिरत राहिला. मोटार, तारा, बॅटरी सगळे तपासले. दोष तिथे नव्हता. रोबो डावीकडे वळतो, तेव्हा सगळे चित्र एकसारखे उजवीकडे सरकते. पुढे जाताना डाव्या बाजूचे चित्र डावीकडे आणि उजव्या बाजूचे उजवीकडे जात असते. त्यामुळे वळणाने डावा प्रवाह घटतो आणि उजवा वाढतो. नियंत्रक समजतो की उजवी भिंत जवळ आली, आणि आणखी डावीकडे वळवतो. चूक स्वतःलाच खतपाणी घालत जाते. प्रमाण पाहावे: सेकंदाला ३० अंशांचे वळण म्हणजे काटकोनासाठी तीन सेकंद, काही फार झपाट्याचे वळण नव्हे; पण वरच्या उदाहरणातला २८.६ अंशांचा डावा प्रवाह ते एकटेच पुसून टाकते.

उपाय दोन आहेत आणि ते दोन्ही कीटकांकडे आहेत. पहिला म्हणजे गायरोने मोजलेले वळण प्रत्येक फ्रेममधून वजा करणे. रोबो सुरू करताना पाच सेकंद स्थिर ठेवून गायरोच्या आकड्यांची सरासरी घ्यावी आणि ती पुढे कायम वजा करावी, कारण स्थिर असतानाही गायरो शून्य दाखवत नाही. दुसरा उपाय माशीचा: ती बराच वेळ नजर सरळ ठेवून उडते आणि वळायचे असेल तेव्हा क्षणार्धात वळून पुन्हा सरळ होते. रोबोनेही लहान दुरुस्तीसाठी सेकंदाला १५ अंशांपलीकडे वळू नये आणि मोठे वळण लागले, तर थांबून एका दमात घ्यावे. त्या वेळातला दृक्प्रवाह सरळ टाकून द्यावा.

मधोमध चालणे

आता नियंत्रणाचे सूत्र साधे आहे. डावा प्रवाह उजव्यापेक्षा जास्त असेल, तर उजवीकडे वळायचे आणि उलट असेल, तर डावीकडे. सुरुवातीला दोन प्रवाहांतल्या दर १० अंशांच्या फरकाला सेकंदाला ५ अंश वळण ठेवावे, हा गुणांक रोबो नागमोडी चालू लागेपर्यंत वाढवावा आणि मग निम्म्यावर आणावा. वेगासाठी दोन्ही प्रवाहांची बेरीज सेकंदाला सुमारे ५७ अंश राहील असे पाहावे. मग १.२ मीटर रुंद व्हरांड्यात रोबो सेकंदाला ०.३ मीटर जातो आणि बोळ ०.६ मीटरवर आला, की आपोआप ०.१५ मीटरवर येतो. अंतर एकदाही मोजलेले नसते.

खरी परीक्षा रिकाम्या भिंतीशी होते. नुकताच एकरंगी ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर सरकताना दिसेल असे काहीच नसते, म्हणून तिचा प्रवाह शून्याजवळ येतो आणि रोबो तिला दूरची समजून तिच्यावरच जातो. व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूला उघडा कठडा असेल, तर तिथेही प्रवाह कमी येतो, पण कारण निराळे असते: पलीकडचे झाड खरोखरच दूर असते. हा भेद जपून ठेवलेला तो भागाकाराच्या खालचा आकडा करतो. आकडा लहान असेल, तर त्या बाजूला काही दिसतच नाही, असे धरावे. आकडा मोठा आणि प्रवाह कमी असेल, तर बाजू खरोखर मोकळी आहे. दोन्ही प्रसंगी मध्य साधण्याचा हट्ट सोडून भरवशाच्या एकाच भिंतीचा प्रवाह ठरावीक आकड्यावर ठेवत तिच्या कडेने चालावे. रुंद बोळात मधमाश्याही अशाच एका भिंतीच्या सोबतीने उडताना दिसल्या आहेत.

समोरची धडक

नेमक्या समोर प्रवाह शून्य असतो, त्यामुळे मधोमध चालणारा रोबो खांबावर सरळ जाऊन आदळू शकतो. समोरची वस्तू जवळ येते तशी फुगत जाते. टोळाच्या मेंदूत अशा फुगणाऱ्या आकृतीलाच प्रतिसाद देणारी एक मोठी चेतापेशी आहे. रोबोत समोरच्या डाव्या ३० आणि उजव्या ३० अंशांच्या पट्ट्यांतला बाहेरच्या दिशेने जाणारा प्रवाह मोजावा. प्रत्येक पट्टीच्या मध्याचा समोरच्या दिशेपासूनचा कोन भागिले तिथला प्रवाह, हा धडकेपर्यंत उरलेल्या वेळाचा कामचलाऊ अंदाज असतो. तो दीड सेकंदाच्या खाली आला, की थांबावे आणि ज्या बाजूचा प्रवाह कमी, तिकडे एका दमात वळावे. काचेचा दरवाजा या पद्धतीला दिसत नाही. तिथे साधा धक्क्याचा स्विच पुढे लावलेला बरा.

घराची दिशा आणि अंतर

ट्युनिशियाच्या वाळवंटातली कॅटाग्लिफिस मुंगी भक्ष्य शोधत वेडीवाकडी भटकते आणि सापडताच सरळ रेषेत वारुळाकडे निघते. तिला दिशा आकाशातल्या ध्रुवित, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून कळते आणि अंतर पावलांवरून. २००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवून ते लांब केले आणि काहींचे पाय आखूड केले; परतताना लांब पायांच्या मुंग्या वारूळ ओलांडून पुढे गेल्या आणि आखूड पायांच्या अलीकडेच थांबल्या.

रोबोची चाके हेच त्याचे पाय. दर फ्रेमला गेलेले अंतर आणि दिशा घेऊन पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन बेरजा चालू ठेवाव्यात. त्यांची चिन्हे उलटली, की घराची दिशा मिळते. चाकाचा व्यास कागदावर ६५ मिलिमीटर धरला आणि प्रत्यक्षात ६७ निघाला, तर २० मीटरांमागे सुमारे ६० सेंटीमीटरची चूक होते. म्हणून फरशीवर खडूने पाच मीटरची रेषा आखून रोबोला तिच्यावर चालवावे आणि एन्कोडरचा हिशेब त्यावरून पक्का करावा. दिशेतली दोनच अंशांची चूक २० मीटरांवर ७० सेंटीमीटर बाजूला नेते, आणि गायरोची चूक वेळेबरोबर वाढतच जाते. चुंबकीय होकायंत्र मोटारींजवळ आणि काँक्रीटमधल्या सळयांवर भरकटते, म्हणून घरात मी ते वापरत नाही. एकूण काय, हा हिशेब रोबोला घराच्या परिसरात आणून सोडतो. दारात नेत नाही.

घर ओळखणे

उरलेले अंतर स्मरणातल्या चित्रावर कापायचे असते. कार्टराइट आणि कॉलेट यांनी १९८३ मध्ये दाखवले, की मधमाशी ठिकाणाभोवतालचे चित्र लक्षात ठेवते आणि समोरचे चित्र त्याच्याशी जुळेल अशी सरकत जाते. आपल्या ३६० बाय ४० पिक्सेलांच्या पट्टीचे आकारमान ९० बाय १० करावे, म्हणजे एक पिक्सेल चार अंशांचा होतो. हे खडबडीतपण पुरेसे आहे, आणि उलट बारीक तपशील ठेवला, तर थोडे सरकताच चित्र ओळखेनासे होते.

घरी उभे असताना एक पट्टी जपून ठेवावी. परतताना आताच्या पट्टीतून ती वजा करावी आणि फरकांच्या वर्गांची सरासरी काढावी. झाइल, हॉफमन आणि चाल यांनी २००३ मध्ये मोकळ्या जागी मोजून दाखवले, की हा एकच आकडा ठिकाणापासून दूर जाताना सावकाश आणि सुरळीत वाढत जातो. तुलना करण्याआधी आताची पट्टी एकेक पिक्सेल सरकवत ९० वेळा पडताळावी. सर्वांत कमी फरक जिथे येतो, ते सरकणे म्हणजेच दोन चित्रांतल्या दिशांचा फरक. गायरोची साचलेली चूक दुरुस्त करायला यासारखे साधन नाही. त्यानंतर दहा सेंटीमीटर पुढे जावे. आकडा घटला तर तसेच पुढे जावे, वाढला तर काटकोनात वळावे. रोबो अशा रीतीने उताराने घरंगळल्यासारखा घरी पोहोचतो.

आणखी एक युक्ती गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्याकडून घ्यावी. नव्या जागेतून प्रथम बाहेर पडताना त्या मागे वळून, मागेपुढे झुलत घराकडे पाहून घेतात. रोबोलाही निघताना घराभोवती अर्ध्या मीटरवरच्या आठ जागांवर नेऊन, घराकडे तोंड करून आठ चित्रे घ्यायला लावावीत. परतताना ज्या दिशेला तोंड केल्यावर यांपैकी एखादे चित्र सर्वाधिक जुळते, ती दिशा घराचीच असते. काहीच जुळत नसेल, तर मुंगीप्रमाणे वाढत्या घेरांच्या फेऱ्या मारत अधूनमधून मूळ जागी येऊन शोधावे.

नेहमीची वाट

रोज एकाच मार्गाने जायचे असेल, तर त्याच कल्पनेचा विस्तार करावा. बॅडली, ग्रॅहम, हजबंड्स आणि फिलिपिडीस यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात मुंगी 'मी कुठे आहे' असे विचारतच नाही. 'कोणत्या दिशेला तोंड केले म्हणजे ओळखीचे दिसते' एवढेच विचारते. रोबोला एकदा हाताने मार्गावरून चालवावे आणि दर दहा सेंटीमीटरला एक पट्टी साठवावी. २० मीटरांच्या मार्गाला २०० पट्ट्या लागतात, म्हणजे सुमारे १८० किलोबाइट. पुन्हा चालताना आताची पट्टी दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत सरकवून सगळ्या पट्ट्यांशी ताडावी आणि सर्वांत जुळणाऱ्या दिशेने पुढचे पाऊल टाकावे. ३१ दिशा, २०० चित्रे आणि प्रत्येकी ९०० पिक्सेल धरले, तर दर पावलाला सुमारे ५६ लाख वजाबाक्या होतात, आणि नमपाय हा पायथनमधील गणिताचा संच वापरल्यास रास्पबेरी पायला त्या झेपतात. दोन ठिकाणे सारखी दिसत असतील, जसे वसतिगृहाच्या एकसारख्या दारांपुढे होते, तर मागच्या जुळणीच्या पुढच्या-मागच्या २० पट्ट्यांतच शोध घ्यावा.

मोकळ्या मैदानात सूर्य आणि ढग सर्वाधिक घोटाळा करतात. मुंग्या अतिनील प्रकाशात आकाश आणि जमीन वेगळी ओळखतात. साध्या कॅमेऱ्यात निळ्या रंगाच्या छटेवर मर्यादा लावून आकाश सरसकट पांढरे करावे आणि झाडे-इमारतींची बाह्यरेषा तेवढी ठेवावी.

याहून मोठ्या परिसरासाठी उंदराच्या मेंदूकडे जावे लागते. तिथल्या स्थानपेशींचा, म्हणजे ठरावीक जागी आल्यावर जाग्या होणाऱ्या पेशींचा, शोध जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये लागला, जागेवर जाळीसारख्या समान अंतरांवर जाग्या होणाऱ्या जाळीपेशींवरचा शोध मे-ब्रिट आणि एडव्हर्ड मोझर यांच्या गटाने २००५ मध्ये मांडला, आणि २०१४ चे नोबेल या तिघांना मिळाले. त्यावर बेतलेल्या 'रॅटस्लॅम' प्रणालीने मायकेल मिलफर्ड आणि गॉर्डन वायथ यांनी २००८ मध्ये ब्रिस्बेनच्या एका उपनगरातल्या ६६ किलोमीटर रस्त्यांचा आराखडा एकाच कॅमेऱ्यावर उभा केला. मात्र तिकडे वळण्याआधी वरचे सगळे एका व्हरांड्यात नीट चालले पाहिजे.

चाचणी घेताना घराच्या जागी फरशीवर फुली काढावी, रोबोला दहा वेगवेगळ्या जागांवरून सोडावे आणि तो जिथे थांबेल तिथपासून फुलीपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. हीच चाचणी सकाळी नऊला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर घ्यावी. सकाळच्या चित्रांवर संध्याकाळी रोबो चुकू लागला, तर त्याच मार्गावर संध्याकाळची पट्ट्यांची निराळी मालिका साठवावी आणि चालताना दोन्ही मालिकांत शोध घ्यावा.